समक्ष पाहिले असता

काकांना एकट्याला काहीच दिसत नसे. म्हणजे दिसायचं सगळं, आणि आमच्या आधी दिसायचं. पण 'मले दिसलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडत नसत. गच्चीवरून काही उडत गेलं की ते धावत स्वयंपाकघरात जाणार, काकूंना हाताला धरून बाहेर आणणार, बोट दाखवणार नाहीत, नुसतं म्हणणार, "आभाळात पाह्य." काकू कणकेचा हात कपाळावर आडवा धरून वर बघत आणि म्हणत, "घार होय न ते. त्यासाठी मले बोलावलं?" तेव्हा कुठे काकांच्या लेखी ती घार गेलेली असे. मागे तव्यावरची पोळी काळी पडलेली असे, तिची मात्र नोंद होत नसे.

आम्ही दोघंही भूमी अभिलेखच्या ऑफिसात भूकरमापक, म्हणजे साध्या भाषेत शेतं मोजणारे. मी नोकरीला लागले तेव्हा काकांची निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरली होती. मोजणीला बाई आली म्हणून ऑफिसात थोडी कुजबुज झाली, त्यात काका नव्हते. पहिल्याच दिवशी कुहीकडच्या एका धानाच्या बांदीत, म्हणजे खाचरात, मी सँडल घालून गेले, तर मला पायापासून वर बघत एवढंच म्हणाले, "काहून वं, काटे काय तुह्या ओळखीचे हायेत?" दुसऱ्या दिवशी मी बूट घेतले आणि त्या दिवसापासून ते माझे काका झाले.

मोजणीचं काम संशयावर चालतं. एक म्हणतो धुरा, म्हणजे शेताचा बांध, इथे होता, शेजारी म्हणतो त्या बाभळीपाशी. दोघंही पोटच्या पोराची शपथ घेतात आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात, कारण ज्याला त्याला आपला धुरा तसाच दिसत असतो. असं तीस-पस्तीस वर्षं बघितल्यावर काकांचा माणसाच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. त्यात त्यांचे स्वतःचे डोळेही आले. आमच्या कागदावर लगतच्या शेतकऱ्याची सही नसली तर तो कागद अर्धवट. काकांनी हाच कायदा पाखरांना आणि जनावरांना लावला.

नोंदी ते एका हिरव्या पुठ्ठ्याच्या रजिस्टरात करत, आणि त्यासुद्धा पंचनाम्याच्या भाषेत. एक तर मला अजून पाठ आहे. "आज रोजी सकाळी समक्ष पाहिले असता, पश्चिमेकडील धुऱ्यावरील बोरीच्या झाडावर एक शिक्रा बसलेला आढळून आला. सदर पक्षी सुमारे वीस मिनिटे हजर होता. सदर पक्ष्याने मोजणीस कोणतीही हरकत घेतली नाही." खाली दोन सह्या. एक काकांची, दुसरी काकूंची किंवा माझी.

अशा एका नोंदीचा कच्चा कागद एकदा चुकून सावनेरकडच्या मोजणीच्या फाइलीला टाचला गेला. आठव्या दिवशी तो शेतकरी नक्कल हातात घेऊन ऑफिसात हजर, घामानं डबडबलेला. "साहेब, हा सदर पक्षी कोन होय? माह्या वावरात त्याचा हिस्सा निंगला काय?" अख्खं ऑफिस हसून लोळलं. काका हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाला पंख्याखाली बसवलं, चहा पाजला, शिक्रा म्हणजे काय ते समजावलं. मग त्याच्या घरी फोन लावून बायकोलाही सांगितलं की वावर सगळं तुमचंच आहे, घोर लावून घेऊ नका. आणि पुढचा आठवडाभर तो घोर स्वतः लावून घेतला. रोज मला विचारत, "त्याले रातची झोप लागत असन न वं आता?"

काळजी हा त्यांचा जुनाच आजार. मी मोजणीहून घरी पोहोचले की नाही याचा फोन, पोहोचले म्हटल्यावर जेवले की नाही याचा फोन. दौऱ्यावर निघालं की घराचं कुलूप चौथ्यांदा ओढून बघायला अर्ध्या रस्त्यातून परत. पाऊस लांबला तर धानाची काळजी, वेळेवर आला तर टिटवीच्या अंड्यांची. एका वर्षी नांगरटीच्या आधी त्यांना वावरात टिटवीची चार अंडी सापडली. ट्रॅक्टर त्यावरून जाऊ नये म्हणून या गृहस्थांनी आखणीच्या चुन्यानं अंड्यांभोवती चौकोन आखला. चौकोन इतका नेमका, की सरकारी मोजणी असावी. आता वावराच्या मध्ये पांढरा चौकोन दिसला तर कोण बघायला जाणार नाही? संध्याकाळपर्यंत अर्धं गाव बघून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी अंडी नव्हती. त्यानंतर काकांनी सापडलेली कुठलीही गोष्ट काकू आणि मी सोडून कुणाला दाखवली नाही. आम्हाला दाखवायची तीसुद्धा ठिकाण आधी न सांगता.

रविवारच्या आमच्या फेऱ्यांचा नियम सोपा होता आणि त्याचा जाच मोठा होता. काहीतरी दिसलं की तोंड बंद. प्रत्येकानं आपापली चिठ्ठी लिहायची, तीही एकमेकांकडे पाठ करून. काय पाहायचं हे आधी सांगायचं नाही, कारण "सांगितलं का मंग तुले तेच दिसते." मग चिठ्ठ्या समोरासमोर धरून जुळवायच्या. काकूंना पाखरांचं काडीचं वेड नव्हतं. त्या डब्यात सांबारवडी भरून येत, सावली बघून चटई टाकत आणि नवऱ्याच्या हौसेखातर चिठ्ठी लिहीत. काकांच्या चिठ्ठीत पंख, चोच, पायांचा रंग, वाऱ्याची दिशा. काकूंच्या चिठ्ठीत: "पाखरू. मोठं. मान लांब. ऊन लागून राहिलं." काका ती चिठ्ठी चष्मा वर करून दोनदा वाचत आणि खुशीत म्हणत, "मान जुळते."

या नियमापायी त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी नोंद गमावली. सावनेरकडे एका पडीत माळावर, भर दुपारी, बरोबरचा शिपाई पाण्याला गेलेला असताना त्यांच्यासमोर चाळीस पावलांवर माळढोक येऊन उभा राहिला. आमच्या भागात माळढोक दिसावा म्हणून हौशी माणसं देव पाण्यात घालून बसतात. शिपाई परत येईपर्यंत पक्षी निघून गेला होता. रजिस्टरात त्या दिवशीचं पान कोरं आहे. मी किती वेळा म्हटलं, लिहून टाका ना काका, कोण विचारायला येणार आहे? "कोनी इचारत नाई म्हणूनच तं," ते म्हणायचे. कुणी माळढोकाचा विषय काढलाच तर मान खाली घालून सांगत, "ते प्रकरण प्रलंबित हाय."

मला याचा राग यायचा. एवढी काटेकोरी कशासाठी, पाखरू आहे, जमीन नव्हे, असं मी तोंडावर बोलले आहे. त्याचं उत्तर मला गेल्या एप्रिलात मिळालं, आणि तेही काकांकडून नाही.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी संत्री घेऊन भेटायला गेले. काका औषधं आणायला बाहेर पडलेले बघून मी काकूंना विचारलं, हे असे पहिल्यापासूनच का?

"नाई वं," काकू म्हणाल्या. "लग्न झालं तवा भलते बोलके होते. पन हे त्यायले इचारू नको. सांगतीन नाई, अन् दोन दिस जेवतीन नाई."

मग त्यांनीच सांगितलं. लग्नाचं पहिलं वर्ष. काका कुहीकडे मोजणीला गेलेले. दिवस कलता कलता तुरीत त्यांना पट्ट्यापट्ट्याची पाठ दिसली. हातातलं काम टाकून धावत गावात आले आणि पानठेल्यावर ओरडले, वाघ! अर्ध्या तासात चाळीस माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन नाल्यावर. काका मागून ओरडत राहिले की थांबा, नीट पाहू द्या, पण तोवर त्यांच्या शब्दाला पाय फुटले होते. सकाळी गावानं त्यांनाच बोलावलं, शिकलेला माणूस म्हणून, ओळख पटवायला. नाल्यात तडस पडलेलं होतं. मादी. आणि तिच्या बिळाच्या तोंडाशी पेटवलेल्या काटक्यांची राख.

"घरी आले अन् मोरीत हात धुवत बसले," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, किती धुता? तं म्हणे, माह्या तोंडानं मेलं ते."

त्या रजिस्टरातली पहिली नोंद तीच आहे. काकूंनी मला उशाशी असलेलं रजिस्टर उघडून ती दाखवली. सदर जनावर तडस, मादी. वाघ नव्हता. खबर देणारा मी स्वतः. त्या एकाच नोंदीखाली सही एक आहे. मी रजिस्टर मिटलं, आणि औषधं घेऊन आलेल्या काकांच्या हातातली पिशवी घेताना मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना.

आता मेची गोष्ट. आम्ही तीन वर्षांपूर्वी विमानतळाला लागून असलेल्या मिहान प्रकल्पाच्या बाजूला एका नव्या लेआउटमध्ये घर बांधलं. माझा नवरा तिथल्याच एका गोदामात सुपरवायझर आहे, सहाच्या पाळीला जातो. मोठ्या रस्त्यानं गेलं की वळसा पडतो, म्हणून तो, दूधवाले, बांधकामावरची माणसं, सगळे मधल्या पांदणीनं जातात. पांदण म्हणजे जुनी बैलगाडीची वाट. आजूबाजूची शेतं केव्हाच संपादनात गेली, त्यावर अजून काही उभं राहिलेलं नाही, त्यामुळे बाभळी आणि माणूसभर गवत माजलंय. मध्ये एक नाला आहे. डोक्यावरून विमान इतकं खालून जातं की चाकं मोजता येतात. तिथे रानडुकरं आहेत, मोर आहेत, हे आम्ही सगळे कौतुकानं पाहुण्यांना सांगायचो. डुकरं आली की त्यांच्या मागे कोण येतं याचा विचार शेतं मोजणाऱ्या बाईनं तरी करायला हवा होता.

शनिवारी दुपारी काकांचा फोन आला. "साडेचारले तयार राह्य. फिरून येऊ."

"काका, ऊन पाहता का बाहेर? डोक्याची भाकर होते."

"रुमाल बांध," म्हणाले आणि ठेवला.

मी मनातून हरखले. काकू अंथरुणावर, म्हणजे दुसरी सही माझीच हवी आहे, म्हणजे काहीतरी बघण्याजोगं आहे. एखादा दुर्मीळ करकोचा असेल, घुबडाचं घरटं असेल. मी डब्यात चिवडा भरला. चिवडा!

ते आले ते आपल्या जुन्या स्कूटरवर. पांदणीच्या तोंडाशी ती उभी केली आणि आम्ही चालू लागलो. तेव्हाच मला काहीतरी विचित्र वाटलं होतं. फेरीवर पाचोळा वाजला तरी डोळे वटारणारा माणूस त्या दिवशी मोठमोठ्यानं बोलत होता. काकूंचा गुडघा, उन्हाचा पारा, विजेचा लपंडाव, एकामागून एक, जणू कुणाला ऐकू जावं म्हणून. मला ते मागे चालू देईनात, पुढेही जाऊ देईनात. "माह्या डाव्या अंगाले राह्य." त्यांच्या पिशवीत स्टीलची थाळी होती, ती चालताना वाजत होती. मी विचारलं थाळी कशाला, तर म्हणाले, "चिवडा खायले लागन न." मी अजून डबा दाखवलाच नव्हता.

नाल्याच्या अलीकडे मुरमाचा एक मोठा ढीग आहे, दोन पुरुष उंच. काका आधी चढले, मग मला हात देऊन वर घेतलं. एकदम गप्प झाले. "पाह्य," म्हणाले, आणि नेहमीसारखं बोट न दाखवता उभे राहिले.

खाली नाल्यात डबकं उरलं होतं. आधी मला नुसतं पाणी दिसलं, मग पाण्यात एक दगड, आणि मग त्या दगडावर दोन काळे कान आणि प्रत्येक कानामागे एकेक पांढरा ठिपका. दगड हलला. वाघ पाण्यात मागच्या बाजूनं बसला होता, मानेपर्यंत, पाठ आमच्याकडे, माणूस उन्हाळ्यात टाक्यात बसतो तसा निवांत. त्यानं शेपूट पाण्याबाहेर काढून पुन्हा आपटली.

मी काकांची बाही पकडली. काकांनी ती सोडवून घेतली, खिशातून कागद आणि पेन्सिल काढली, माझ्या हातात ठेवली आणि कुजबुजले, "आधी लिही." आणि माझ्याकडे पाठ करून ते स्वतःच्या कागदावर लिहू लागले.

मी लिहिलं. सत्तर-ऐंशी पावलांवर वाघ, आणि मी परीक्षेला बसल्यासारखी उकिडवी बसून लिहीत होते. काय लिहिलं ते मला नंतर वाचताही आलं नाही. 'वाघ' या शब्दातला 'वा' कागद फाडून गेला होता. खाली उतरून, पुन्हा मोठमोठ्यानं बोलत, थाळी वाजवत आम्ही स्कूटरपर्यंत आलो तेव्हा त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या जुळवल्या. "वाघीन होय," म्हणाले. "परवाही पानी पिऊन तिथंच बसली होती."

'परवा' हा शब्द मला तेव्हा ऐकू आला, पण डोक्यात शिरला नाही. आम्ही तडक वनखात्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या, नकाशावर जागा विचारली. काकांनी ती इतकी नेमकी सांगितली की साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. ताबडतोब गाडी पाठवतो म्हणाले, गाडी पहाटेपर्यंत लेआउटच्या बाजूला पांदणीच्या तोंडावर राहील, सकाळी नऊपर्यंत जादा माणसं आणि कॅमेरे येतील. आणि हात जोडून म्हणाले, "फक्त मोबाईलवर टाकू नका. नाहीतर आम्हाले वाघाआधी माणसं हाकलावी लागतीन."

परतताना माझ्या फाटकाशी स्कूटर थांबली आणि तो 'परवा' माझ्या डोक्यात उतरला.

"काका, तुम्हाले हे गुरुवारीच दिसलं होतं?"

ते स्कूटरचा आरसा पुसू लागले.

"गुरुवारी. अन् आज शनिवार. माझा नवरा रोज पहाटे त्याच पांदणीनं जाते, हे तुम्हाले माहीत नाही?"

"माहीत हाय."

"मंग?"

"एकट्याचं पाहनं होतं वं. काकू उठत नाई. पक्कं नव्हतं."

"माझ्या नवऱ्याच्या जिवालेही दुसरी सही पाहिजे का तुम्हाले?" मी एवढ्या जोरात ओरडले की समोरची बाई गच्चीवर आली. "अन् मले घेऊन गेले तिथे! काही न सांगता! उद्या माझ्या पोरांले काय सांगितलं असतं, तुमची आई साक्षीदार होती म्हणून?"

काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. स्कूटरला किक मारली, ती सुरू होईना. दुसरी, तिसरी, सहावी. सत्तरीचा माणूस माझ्या फाटकासमोर किका मारत होता आणि मी फाटकाच्या आत हाताची घडी घालून उभी होते. या घरी पुन्हा येऊ नका, असंही मी म्हणाले. ते वाक्य आता गिळता आलं असतं तर बरं झालं असतं.

घरात जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"तुझे काका काल पहाटे भेटले न मले," तो म्हणाला. "पांदणीच्या तोंडावर. सव्वापाच असतील. म्हणे पुढे पाइपलाइनसाठी खोदून ठेवलं आहे, मोठ्या रस्त्यानं जा. आजही तेच. मी म्हटलं, काका इतक्या सकाळी इथे? तं म्हणे, पाखरं पाहून राहिलो. पण गळ्यात दुर्बीण नव्हती. हातात थाळी अन् पळी होती."

"तुझ्या एकट्यालेच अडवलं?"

"नाही न, सगळ्यांनाच. दूधवाला शिव्या देत होता, म्हातारं सटकलं म्हणून."

मी ताटावरून उठले. फोन करावा असं वाटलं, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून केला नाही. त्या दोन पहाटे मी काय करत होते ते आठवत बसले. चांगली साडेसहापर्यंत झोपले होते.

पहाटे पाच वाजता स्कूटी काढली. लेआउटच्या बाजूला वनखात्याची गाडी उभी होती, आत दोन शिपाई जागे होते. ते तोंड राखलेलं होतं. पांदणीला दुसरं तोंड आहे, पलीकडे, बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांकडे. मी वळसा घालून तिकडे गेले. काकांनी स्कूटर वाटेत आडवी लावली होती आणि तिच्या अलीकडे ते उभे होते, गवताकडे पाठ करून. एका हातात थाळी, दुसऱ्यात पळी. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"आली काय," ते म्हणाले.

"आली."

मी स्कूटी त्यांच्या स्कूटरशेजारी आडवी लावली. माफी मागायची होती, पण त्यांच्याकडे बघितल्यावर ते सोपं वाटेना. मी दुसरंच विचारलं. "लोकांना सरळ सांगत काहून नाही, वाघ आहे म्हणून? आता तं पक्कं आहे."

"सांगितलं तं अर्धे मागं फिरतीन," ते म्हणाले, "अन् अर्धे मोबाईल काढून आत जातीन. त्यायच्या मागं अजून येतीन. मंग काठ्या निंगतीन."

गवतात काहीतरी खसखसलं. आम्ही दोघंही वळून बघितलं. डुकराचं पिल्लू असावं. काकांनी पळी थाळीवर टेकवून धरली. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तिथून हलावं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

माणसं येऊ लागली. डबे घेतलेल्या दोन बायांना काकांनी सांगितलं की पुढे आग्या मोहोळ उठलंय. दूधवाल्याला पाइपलाइन. तो काहीतरी पुटपुटत वळला. काका खोटं इतकं वाईट बोलत की ऐकवत नसे. कान लाल होत, नजर जमिनीवर, आणि प्रत्येकाला वेगळंच कारण, कारण आधी काय सांगितलं ते त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. खोटं बोलायची सवय लागते, ती त्यांना कुठून असणार? तरी उजाडेपर्यंत त्यांनी एकालाही आत जाऊ दिलं नाही.

मग सायकलवर एक वॉचमन आला. निळा गणवेश, कपाळावर आठ्या, ड्युटीला उशीर झालेला. काका त्याला म्हणाले, पुढे नाल्यावरचा पूल खचला आहे.

"कालच तं गेलो मी तिथून," तो म्हणाला. "पूल चांगला होता."

"रातच्याले खचला."

"कोनं सांगतलं?"

काकांनी मागे नाल्याकडे बघितलं. त्या माणसानं सायकलवरून एक पाय खाली टेकवला आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, "तुमी सोता पाह्यला काय?"

हा प्रश्न काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. शेतकऱ्यांना, शिपायांना, काकूंना, मला. मागच्या गवतावरून वारा गेला. वॉचमननं पाय उचलून पुन्हा पायडलवर ठेवला.

"पाह्यला," काका म्हणाले. "माह्या डोळ्यानं पाह्यला."

तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग माझ्याकडे वळला. "अन् तुमी?"

"मीही पाहिला," मी म्हणाले. "पार खचला आहे."

त्यानं सायकल वळवली.